एका हाऊसला एक कॅमेरा

शाळेत मोबाईलला बंदी आहे आणि ती उठवावी असे मला वाटत नाही. हे सुरुवातीलाच लिहितो, म्हणजे आमचे हाऊस मास्टर सर लेख अर्ध्यावर सोडणार नाहीत. माझे म्हणणे वेगळे आहे. मोबाईल नको, पण प्रत्येक हाऊसला एक छोटा डिजिटल कॅमेरा हवा. तोही नवा आणि महागडा नको. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा, कोणाच्या तरी कपाटात पडून असलेला चालेल.

आपल्या शाळेचे फोटो एकदा नीट पाहा. वार्षिक दिन, क्रीडा दिन, पासिंग आऊट परेड. प्रमुख पाहुणे, ट्रॉफी, हस्तांदोलन. फोटोग्राफर गावातून येतात, काम चोख करतात आणि संध्याकाळी परत जातात. ते फोटो हवेतच. पण आपण सहावीत येतो आणि बारावीत बाहेर पडतो. मधल्या सात वर्षांत वर्षाला तीन दिवस सोडले तर बाकीच्या दिवसांचे काय? पावसाळ्यात व्हरांड्यात ओळीने वाळत ठेवलेले बूट, क्रॉस कंट्रीच्या शेवटच्या चढावर मागे राहिलेल्याला ओढत आणणारा सोबती, पहिल्यांदा बेरेट घालताना आरशासमोर गोंधळलेला सहावीचा कॅडेट, मेसमध्ये पुरणपोळी असते त्या रविवारची रांग, यातले काहीही कुठेच नाही. आईला विचाराल तर तिला ट्रॉफीपेक्षा हेच पाहायचे असते. रविवारच्या फोनवर ती "पोटभर जेवतोस ना?" असे विचारते, तेव्हा तिला खरे तर आपण कसे दिसतो ते हवे असते.

आता प्रश्न असा की, कॅमेराच का? आणि जुनाच का? त्यासाठी एका कॅमेऱ्याच्या घराण्याची गोष्ट सांगावी लागेल.

माझे मामा चेन्नईत वेस्ट मांबलमला राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे असतो. त्यांच्याकडे कॅननचा पॉवरशॉट जी-११ आहे. तो २००९ साली बाजारात आला, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. गेल्या मे महिन्यात मामांनी तो माझ्या हातात दिला आणि सोबत त्याच्या थोरल्या-धाकट्या भावंडांची माहितीही दिली.

कॅननचा पहिला पॉवरशॉट १९९६ चा. त्याचा सेन्सर जेमतेम अर्ध्या मेगापिक्सेलचा होता. जी मालिका २००० साली जी-१ पासून सुरू झाली. त्यात ३.३ मेगापिक्सेल, भरपूर प्रकाश आत घेणारी लेन्स आणि हवा तसा वळणारा पडदा होता. कल्पना अशी की, मोठ्या कॅमेऱ्यावरची सगळी नियंत्रणे हातात मावेल अशा डब्यात बसवायची. पुढे २००१ मध्ये जी-२ आला ४ मेगापिक्सेलचा, २००३ मध्ये जी-५ आला ५ चा, २००४ मध्ये जी-६ आला ७ चा. जी-४ नावाचा कॅमेरा निघालाच नाही. जपानी भाषेत चार या आकड्याचा एक उच्चार मृत्यू या शब्दासारखा होतो, म्हणून तो टाळला असे म्हणतात.

मग आकड्यांची शर्यत लागली. जी-७ मध्ये १० मेगापिक्सेल, जी-९ मध्ये १२ आणि २००८ च्या जी-१० मध्ये १४.७. दुकानदार गिऱ्हाईकाला आकडा दाखवायचा आणि गिऱ्हाईक आकडा पाहून कॅमेरा घ्यायचे. शर्यतीत जे सुटले ते कोणाला लगेच दिसले नाही. जी-७ मधून वळणारा पडदा गेला. त्याची लेन्स आधीच्यांपेक्षा कमी प्रकाश घेणारी होती. सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल जशीच्या तशी साठवण्याची सोयही गेली होती, ती जी-९ मध्ये परत आली. मुख्य म्हणजे सेन्सरचा आकार जवळपास तेवढाच राहिला आणि त्यात पिक्सेल मात्र कोंबले गेले. शंभर खाटांच्या बॅरेकमध्ये १४७ खाटा लावल्या तर काय होईल, ते आपल्याला सांगायला नको. प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला कमी प्रकाश येतो आणि संध्याकाळच्या फोटोत रांगोळीसारखे रंगीत ठिपके दिसू लागतात.

२००९ साली कॅननने जे केले ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडते. जी-११ काढताना त्यांनी मेगापिक्सेल १४.७ वरून १० वर आणले. वळणारा पडदा परत आणला. सेन्सर त्याच आकाराचा असल्यामुळे प्रत्येक पिक्सेलला जवळजवळ दीडपट जागा मिळाली आणि कमी उजेडातले फोटो सुधारले. नव्या वस्तूवर जुन्यापेक्षा लहान आकडा छापायला धैर्य लागते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, १२ राखले आणि १६७० पासून दिलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली, हे आपण इतिहासात शिकतो. कॅमेऱ्याची त्याच्याशी बरोबरी करायची नाही. पण मागे सरकणे म्हणजे हरणे नव्हे, हे दोन्हीकडे दिसते. मार्क, मेडल आणि मेगापिक्सेल यांच्या मागे धावणाऱ्या आम्हा कॅडेट्सनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, असे मला वाटते.

पुढची कहाणी थोडक्यात. जी-१२ आणि जी-१५ नंतर २०१३ मध्ये जी-१६ आला आणि त्यात वाय-फाय आले. २०१४ मध्ये जी-७ एक्स आला. त्याचा सेन्सर जुन्यापेक्षा क्षेत्रफळाने अडीच पटींहून मोठा होता. म्हणजे जागा मोठी झाली तेव्हा २० मेगापिक्सेलही सुखाने मावले. मात्र जी-१६ पर्यंत असलेली डोळा लावून पाहण्याची काचेची खिडकी जी-७ एक्समध्ये नाही.

या खिडकीचे महत्त्व मला मांबलममध्ये कळले. मांबलम रेल्वे स्टेशनपासून टी. नगरच्या बस स्थानकापर्यंत ५७० मीटर लांबीचा पादचारी पूल आहे, तो २०२३ मध्ये सुरू झाला. खाली रंगनाथन स्ट्रीटची गर्दी. मे महिन्यातल्या चेन्नईच्या उन्हात पडद्यावर फक्त माझाच चेहरा दिसत होता. खिडकीला डोळा लावला तेव्हा फुलवाल्या आजी दिसल्या, मोगऱ्याचा गजरा हाताने मोजून देताना. परेड ग्राऊंडवर अकरा वाजताच्या उन्हातही हेच होणार.

मामांनी मला अट घातली होती: दिवसाला फक्त बारा फोटो. "अरे, बटण शेवटी दाबायचं. आधी बघायचं," असे ते म्हणायचे. पहिल्या दिवशी माझे बारा फोटो वीस मिनिटांत संपले. आठव्या दिवशी मी आर्य गौडा रोडवर अयोध्या मंडपमसमोर अर्धा तास उभा राहून दोन काढले. ते दोन्ही फोटो मी घरी आईला दाखवले. मोबाईलमध्ये काढलेल्या शेकडो फोटोंपैकी एकही दाखवावासा वाटला नाही.

आता मोबाईलची बाजूही मांडतो, नाहीतर वादविवाद स्पर्धेत गुण कापले जातात. आजचा चांगला मोबाईल रात्री जी-११ पेक्षा सरस फोटो काढतो, हे खरे आहे. तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जोडतो. त्यामुळेच छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा बसला. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले गेले आणि त्यातले बहुतेक छोटे होते. २०२३ मध्ये एकूण संख्या सुमारे ७७ लाखांवर आली, त्यात छोटे कॅमेरे सुमारे १७ लाख. पण पुढच्याच वर्षी छोट्या कॅमेऱ्यांची संख्या थोडी वाढली. जी-७ एक्सचा २०१९ चा तिसरा अवतार तर अनेक देशांत दुकानात मिळेनासा झाला. तो शोधणारे बरेचसे ग्राहक तरुण आहेत आणि त्यांच्या खिशात मोबाईल असतोच. म्हणजे चांगला फोटो काढणारी वस्तू हाताशी असूनही फक्त फोटो काढणारी वस्तू त्यांना हवीशी वाटते. आमच्याकडे तर मोबाईल नाहीच. जे त्यांना पैसे मोजून मिळवावे लागते, ते आपल्याला शिस्तीने आयते दिले आहे.

आक्षेप येतील. त्यांची उत्तरे देतो.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. आपली शाळा सैनिकी आहे. शस्त्रागार, फायरिंग रेंज, फाटकावरची चौकी यांचे फोटो बाहेर जाता कामा नयेत. मान्य. म्हणूनच जुना कॅमेरा हवा. जी-११ मध्ये वाय-फाय नाही, जीपीएस नाही, सिम नाही. फोटो बाहेर जायचा असेल तर कार्ड कोणीतरी हाताने काढून न्यावे लागते. कार्ड हाऊस मास्टर सरांच्या कपाटात राहील आणि कोणता फोटो बाहेर जाईल ते सर ठरवतील.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. यावर गेम नाहीत, गाणी नाहीत. व्हिडिओ निघतो, पण इतका साधा की रील बनवण्याची हौस दोन दिवसांत फिटेल. शिवाय कॅमेरा फक्त रविवारी आणि खेळाच्या वेळेत मिळेल. वहीत नाव, वेळ आणि सही असेल.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो मोठ्यांकडून नाही, आमच्यातूनच येईल. हॉस्टेलमध्ये आपण चोवीस तास एकमेकांसमोर असतो. कोणाचा रडतानाचा फोटो चेष्टेसाठी फिरला तर त्या मुलाचे पुढचे सहा महिने अवघड होतात. नवीन आलेल्या ज्युनिअरचे तर जास्तच. म्हणून नियम आधी आणि कॅमेरा नंतर. स्नानगृह, कपडे बदलण्याची जागा आणि एमआय रूम इथे कॅमेरा न्यायचा नाही. ज्याचा फोटो आहे त्याने "पुसून टाक" म्हटले की तिथल्या तिथे पुसायचा, कारण विचारायचे नाही, मग तो सहावीचा असो की हाऊस कॅप्टन. एकदा जरी नियम मोडला तर त्या सत्रापुरता पूर्ण हाऊसचा कॅमेरा जमा. हे कडक आहे, पण रायफल हातात देताना आधी सुरक्षेचे नियमच पाठ करून घेतात ना? समोरच्याला अवघडून टाकण्याची ताकद कॅमेऱ्यातही आहे. ती कशी वापरायची, हे पंधराव्या वर्षी शाळेत सरांच्या नजरेखाली शिकलेले बरे. अठराव्या वर्षी मोबाईल हातात येईल तेव्हा शिकवणारे कोणी नसेल.

आणखी एक गोष्ट जपण्याची. डिसेंबर २०१५ च्या पुरात वेस्ट मांबलमच्या अनेक गल्ल्यांत पाणी भरले, मामांच्या तळमजल्यावरच्या घरातही शिरले. मामा-मामींच्या लग्नाचा अल्बम फुगला, पाने एकमेकांना चिकटली आणि सोडवताना चेहरेच निघून आले. कॅमेरा आणि कार्डे माळ्यावर स्टीलच्या डब्यात होती, ती वाचली. कार्डही कायमचे नसते, तेही बिघडते. म्हणून दर सत्राच्या शेवटी फोटो शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या डिस्कवर, असे दोन ठिकाणी ठेवावेत आणि त्यातले वीस छापून हाऊसच्या फलकावर लावावेत. दहा वर्षांनी इथे येणाऱ्या कॅडेटला आपण कसे राहत होतो, ते त्यावरून कळेल.

खर्च? जवळजवळ नाही. पालकांना विनंती आहे की, दिवाळीच्या सुट्टीत कपाटाचा वरचा खण उघडून पाहावा. कोणत्याही कंपनीचा छोटा डिजिटल कॅमेरा सापडला तर बॅटरी चार्ज होते का, एवढे बघावे. कॅननचा जी-६ किंवा त्याआधीचा असेल तर त्याला जुन्या पद्धतीचे मोठे कार्ड लागते आणि ते आता सहजी मिळत नाही. जी-७ पासून पुढच्यांना साधे एसडी कार्ड चालते. जी-१६ पासूनचे नकोत, त्यात वाय-फाय आहे. बॅटरी गेली असेल तरी कॅमेरा टाकून देऊ नका, त्या मापाची नवी बॅटरी बहुधा मिळते.

हाऊस मास्टर सरांना विनंती आहे की, एका हाऊसमध्ये एका सत्रापुरता हा प्रयोग करून पाहावा. वही मी आखून देतो. आणि मामांनी जी-११ द्यायचे कबूल केले आहे, फक्त अट तीच: दिवसाला बारा.