पर्यटनाचा खर्च गावाच्या घरपट्टीवर का?




दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढले ते चांगले झाले, असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने आमच्या माडा-पोफळींची राख केली. नवीन रोप फळाला यायला किती वर्षे लागतात हे वाडीवाल्यालाच ठाऊक. त्या काळात पडवीमागच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या म्हणून कित्येक घरांत चूल पेटती राहिली. तेव्हा पर्यटक नकोत, असे सांगायला हे पत्र लिहिलेले नाही. पर्यटनामुळे गावावर पडणारा खर्च कोणी भरायचा, हे ग्रामपंचायतीने ठराव करून एकदा कागदावर आणावे, एवढीच माझी मागणी आहे. कोणी काहीच ठरवले नाही, तर तो खर्च बारमाही राहणाऱ्यांच्याच अंगावर येतो.

पाण्यापासूनच सुरुवात करतो. जलजीवन मिशनखाली गावोगाव योजना झाल्या, त्यांचे गणित माणशी रोज 55 लिटरचे आहे आणि माणसे मोजली ती गावात राहणारी. शनिवार-रविवारी, नाताळात किंवा कासवांच्या हंगामात येणारा पाहुणा त्या हिशोबात नाही. शॉवर, धुतल्या जाणाऱ्या चादरी, कुठे पोहण्याचा हौद, हे सगळे 55 लिटरांत बसत नाही. मग बोअर मारली जाते. आमच्या आंजर्ल्यासारख्या पुळणीच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून जास्त उपसा झाला की खालून खारे पाणी चढते, आणि ते फक्त उपसणाऱ्याच्या विहिरीत चढत नाही. दुसरी बाब संडासाच्या टाकीची. चार माणसांच्या घराची टाकी आणि चाळीस माणसांच्या निवासाची टाकी यांत फरक असायलाच हवा. रेताड जमिनीत शोषखड्ड्यातले पाणी शेजारच्या विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही. वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यात मे महिन्यात टँकरची वाट पाहायची आणि विहिरीचे पाणी तपासून घ्यायचे, ही पाळी आपण आपल्या हाताने आणतो आहोत.

आता पैशाची बाजू. ग्रामपंचायतीला अधिकारच नाहीत, असे नेहमी ऐकू येते. ते खरे नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम 124 वाचावे. घरपट्टी आणि दिवाबत्तीखेरीज त्यात सफाईचा कर आहे, सर्वसाधारण आणि विशेष पाणीपट्टी आहे, यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा, उत्सव आणि करमणुकीवरचा कर आहे. ग्रामनिधीतून केलेल्या कामामुळे ज्या जमिनींचा फायदा झाला त्यांच्यावर सुधार आकार बसवण्याची तरतूदही त्यात आहे. ही शेवटची तरतूद मला फार महत्त्वाची वाटते. गावाच्या पैशाने पाखाडीचा रस्ता होतो, गटार बांधले जाते, दिवे लागतात, आणि आतल्या आगराचा गुंठ्याचा भाव वाढतो. वाढलेल्या भावातला एक पैसाही ज्याने रस्ता केला त्या गावाकडे परत येत नाही. सुधार आकार त्यासाठीच आहे. तो बसवल्याचे किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात तरी कोणी पाहिले आहे का?

घरपट्टीचेही तसेच. 2015 च्या डिसेंबरात कर व फी नियमांत दुरुस्ती होऊन घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. निवासी वापराला भारांक 1 आणि व्यापारी वापराला 1.25. हा फरकसुद्धा मला कमीच वाटतो, पण निदान आहे तो तरी पदरात पडावा. त्यासाठी नमुना 8 या कर आकारणीच्या नोंदवहीत वापराची नोंद खरी हवी. दहा-बारा खोल्यांची इमारत नोंदवहीत 'राहते घर' म्हणून राहिली, तर मुंबईत नोकरी करून गणपतीला आणि शिमग्याला घर उघडणारा चाकरमानी आणि वर्षभर खोल्या भाड्याने देणारा मालक एकाच दराने कर भरतात. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. त्या वेळी घरोघर जाऊन वापर पाहावा, खोल्या मोजाव्यात आणि यादी फलकावर लावावी. हरकती मागवाव्यात म्हणजे कुणावर अन्याय झाला असेल तर तोही कळेल.

नमुना 8 विषयी आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्यात नाव चढले की बांधकाम अधिकृत झाले, अशी समजूत सगळ्या किनाऱ्यावर पसरली आहे. ती नोंद फक्त कर वसुलीसाठी असते. बांधकामाची परवानगी आणि किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी या वेगळ्या गोष्टी आहेत. 2011 च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरचा ना-विकास पट्टा ठेवला. 2019 च्या अधिसूचनेने तो 50 मीटरवर आणला, पण फक्त चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा दाट वस्ती असलेल्या भागांसाठी. हे साध्या मराठीत लिहून, गावाच्या नकाशावर रेघ मारून पंचायतीच्या भिंतीवर लावले, तर आयुष्याची पुंजी घालणारा माणूस आधीच सावध होईल. शेजारच्या मुरुडमधल्या एका रिसॉर्टबाबत 2022 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पाडण्याचा आदेश काढला, ते वाचकांना आठवत असेल. इमारत उभी राहिल्यावर पाडण्यात सगळ्यांचेच नुकसान आहे.

गावात येणाऱ्यांकडूनही शुल्क घ्यावे का? माथेरानची नगरपरिषद प्रवाशांकडून कर घेते. गोव्यात कळंगुट पंचायतीने 2024 मध्ये तसाच ठराव केला. त्याच वर्षी 25 एप्रिलपासून व्हेनिस शहराने दिवसापुरत्या येणाऱ्यांना पाच युरो लावले. मी मात्र माणशी कराच्या बाजूने नाही. आमच्या कड्यावरच्या गणपतीला पायी येणाऱ्या पाडल्याच्या किंवा आड्याच्या भक्ताकडे नाक्यावर पावती मागणे मला पटत नाही. वाहनतळाचे शुल्क हा सरळ मार्ग आहे. गाडी आणणाऱ्याने द्यावे आणि त्याबदल्यात त्याला सावली, स्वच्छतागृह आणि कचऱ्याचा डबा मिळावा. गाडी पुळणीवर नेण्यास मात्र सक्त मनाई हवी. तिथेच ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून हंगामात किनाऱ्याकडे तोंड केलेले प्रखर दिवे रात्री बंद ठेवण्याचा नियमही ग्रामसभेने करावा. ज्या कासवांसाठी पाहुणे येतात त्यांची एवढी काळजी घेण्याला कोणाचा विरोध होईल असे मला वाटत नाही.

कर लावला तर पाहुणा दुसऱ्या गावाला जाईल, अशी भीती काही जण घालतात. खोलीच्या भाड्यात काही रुपये वाढल्याने कोणी परत फिरत नाही, घाण किनारा आणि खारट पाणी पाहून फिरतो. शिवाय भार सगळ्यांवर सारखा घालावा असे मी म्हणत नाही. स्वतः राहून दोन खोल्या देणाऱ्या बाईला निवासी दरच असावा. मोठ्या निवासांना मीटर बसवून विशेष पाणीपट्टी घ्यावी, टाकीची क्षमता दाखवल्याशिवाय ना-हरकत दाखला देऊ नये. मालक आंजर्ल्याचा आहे की पुण्याचा, याला त्यात महत्त्व नसावे. वापर किती, तेवढेच पाहावे.

सगळ्यात मोठी अडचण विश्वासाची आहे, आणि ती हिशोबानेच सुटेल. वित्त आयोगाच्या निधीचा मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. उरलेल्या भागात सगळे गाव चालवायचे, त्यामुळे स्वतःचे उत्पन्न वाढवण्यावाचून पंचायतीला गत्यंतर नाही. पण लोक पैसे देतात ते कुठे गेले हे दिसले तर. महर्षी कर्व्यांनी मुंबईतल्या मुरुडकरांना एकत्र करून मुरुड फंड उभा केला, तेव्हा कायद्याची सक्ती नव्हती. वर्गणी गावाच्या कामी येते आहे हे देणाऱ्याला दिसत होते. पर्यटनातून आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा, तो फक्त पाणी, सांडपाणी, कचरा आणि किनाऱ्यावर खर्च व्हावा आणि जमाखर्च प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा, असा लेखी अर्ज मी देत आहे. माझ्या घरातही हंगामात एक खोली दिली जाते. तिची नोंद जशी असायला हवी तशी करून घ्यावी आणि जो कर निघेल तो सांगावा, मी भरीन. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होऊ नये म्हणून गावातल्या आणि मुंबई-पुण्यातल्या आंजर्लेकरांनी त्या दिवशी हजर राहावे.

आपला,
एक वाचक, आंजर्ले (ता. दापोली, जि. रत्नागिरी)