अठ्ठेचाळीस तासांचा खेळ

शुक्रवारी संध्याकाळी विषय कळणार आणि रविवारी संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवरचा आख्खा खेळ तयार करायचा! 'गेम जॅम' म्हणतात तो हाच प्रकार. 'ग्लोबल गेम जॅम' २००९ साली सुरू झाला तो याच ४८ तासांच्या अटीवर. यात बक्षीस नसते. विषयही कसा असेल, सांगता येत नाही. २०१३ साली तर एकही शब्द न सांगता फक्त हृदयाचे ठोके ऐकवण्यात आले होते.

बंगळुरूच्या तरुणांना याचा नाद लागावा यात नवल नाही. राजेश राव यांनी १९९७ साली 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी याच शहरात सुरू केली, तेव्हा आपल्याकडे हा व्यवसाय फारसा कुणाला ठाऊकही नव्हता.

नवखे बहुधा 'प्लॅटफॉर्मर' निवडतात. म्हणजे मारिओसारखा, धावत-उड्या मारत पुढे जाण्याचा खेळ. त्याची चित्रे 'पिक्सेल आर्ट'ची, म्हणजे लहान लहान चौकोन रंगवून केलेली असतात. दोसुतीवर चौकटी मोजून भरतकाम केलेल्या गृहिणींना हे तंत्र लगेच कळेल. १६ आडवे आणि १६ उभे, अशा २५६ चौकोनांत नायक उभा करायचा!

जागेची ही टंचाईच कधी कधी उपयोगी पडते. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये शिगेरू मियामोतो यांनी मारिओला टोपी घातली, कारण इतक्या कमी ठिपक्यांत केस काढणे अवघड होते. नाक उठून दिसावे म्हणून मिशा दिल्या. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढग आणि झुडपे यांचे चित्र एकच आहे, फक्त रंग वेगळा.

टंचाई वेळेचीही असते, आणि नवखे फसतात ते इथेच. दहा टप्पे, खलनायक, लांबलचक कथा असा घाट घालतात आणि शनिवारी रात्री नायकाचे कपडेच रंगवत बसतात. मुरलेली मंडळी आधी एक साधा चौकोन घेतात आणि त्याला नीट उडी मारायला शिकवतात. उडीचा वेग हळूहळू कमी होऊन तो खाली यायला हवा. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी घेता यावी, एवढी सवलत खेळणाऱ्याला दिली, की खेळ अन्यायाचा वाटत नाही. मग एकच टप्पा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करायचा. रंगरंगोटी त्यानंतर.

शेवटचे काही तास दुसऱ्याच्या हाती खेळ देण्यासाठी राखून ठेवावेत. काहीही समजावून न सांगता तो कुठे अडतो, ते नुसते पाहायचे.

अर्धवट राहिलेल्या दहा टप्प्यांपेक्षा पुरा झालेला एक टप्पा मोलाचा. काय गाळायचे हे ठरवणे ज्याला जमले, त्याला पुढे परीक्षेत आणि नोकरीतही ते उपयोगी पडते. तेव्हा रविवारी रात्री डोळे तारवटलेला मुलगा किंवा मुलगी "आई, एकदा खेळून बघ ना" म्हणाली, तर "मला यातले काही कळत नाही" म्हणून टाळू नका. तिला त्या वेळी नेमका असाच खेळाडू हवा असतो!