‘इम्युनिटी बूस्टर’ घेताय? आधी इंटरफेरॉन समजून घ्या

पावसाळा आला की रील्समध्ये ‘इम्युनिटी बूस्टर’च्या जाहिराती सुरू होतात. गोळी घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा! पण मित्रांनो, प्रतिकारशक्ती म्हणजे मोबाईलचा व्हॉल्यूम आहे का, की बटण दाबलं आणि वाढला?

इंटरफेरॉन म्हणजे काय?

पेशीत व्हायरस शिरला की ती पेशी काही प्रथिनं बाहेर सोडते. त्यातून शेजारच्या पेशींना अलर्ट मिळतो आणि त्या व्हायरसला रोखायच्या तयारीला लागतात. हीच इंटरफेरॉन. अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये लंडनला ती शोधली.

या कुटुंबात तीन गट आहेत:

• अल्फा, बीटा: शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींना सावध करतात.
• गॅमा: टीबीच्या जंतूशी लढताना महत्त्वाचं. टीबीचा संसर्ग ओळखणारी ‘इग्रा’ रक्तचाचणी हेच मोजते.
• लॅम्डा: मुख्यतः श्वसनमार्ग आणि आतड्यांच्या अस्तरात काम करतं.

मग इंजेक्शन देऊन वाढवत का नाहीत?

देतात की! हेपटायटिस बी आणि सीसाठी ते अनेक वर्षं वापरलं गेलं. पण त्यानेच ताप, अंगदुखी, थकवा येतो, अगदी फ्लूसारखा.

कोविडमध्येही प्रयोग झाले. एप्रिल २०२१ मध्ये भारतात झायडसच्या ‘विराफिन’ला, म्हणजे इंटरफेरॉन अल्फाच्या एका प्रकाराला, मध्यम आजारासाठी आपत्कालीन परवानगी मिळाली. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत, दवाखान्यात भरती झालेल्यांना इंटरफेरॉन बीटा देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. याचं एक कारण वेळेचं असू शकतं. अलर्ट सुरुवातीला उपयोगी पडतो, आजार बळावल्यावर त्याचा फायदा कमी होतो.

उलट बाजूही बघा. २०२० च्या एका अभ्यासात गंभीर कोविड झालेल्या सुमारे १० टक्के रुग्णांच्या शरीरात स्वतःचंच इंटरफेरॉन निकामी करणाऱ्या अँटीबॉडीज सापडल्या. तर ल्युपस या आजारात बऱ्याच रुग्णांचा हा अलर्ट बंदच होत नाही. त्यासाठी २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध इंटरफेरॉनचा सिग्नल चक्क अडवतं!

म्हणजे एकाला सिग्नल कमी पडतो, दुसऱ्याला जास्त होतो. मग एकच गोळी दोघांची इम्युनिटी ‘बूस्ट’ कशी करणार? पुढच्या वेळी अशी जाहिरात दिसली तर विचारा: नेमकं काय वाढणार, किती आणि कधी? उत्तर नसेल तर फॉरवर्ड करू नका. आणि घरात कुणाला ल्युपससारखा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही देऊच नका.