शिक्षकांचे शिक्षण : पडद्याने की सोबत्याने?

प्राथमिक शिक्षकाच्या हाती नवे यंत्र देणे आणि ते यंत्र वर्गात वापरावयास त्यास शिकविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कोणीही विचारी मनुष्य कबूल करील. परंतु आमच्या शिक्षणखात्याचा गेल्या काही वर्षांतील व्यवहार पाहता, पहिली गोष्ट झाली की दुसरी आपोआप होते, आणि न झालीच तर एक ऑनलाइन अभ्यासक्रम शिक्षकाच्या मोबाइलवर पाठवून दिला की ती होते, अशी समजूत दृढ झालेली दिसते. ही समजूत नुसती चुकीची नव्हे, तर घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे; कारण तिची किंमत खात्यास द्यावी लागत नाही. ती पवनी-लाखांदुराकडील खेड्यांतल्या मुलांस द्यावी लागते.

प्रथम पूर्वपक्ष न्यायाने मांडू. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केले. ऑगस्ट २०१९ मध्ये 'निष्ठा' ही शिक्षक-प्रशिक्षणाची योजना निघाली. देशातील सुमारे ४२ लक्ष प्राथमिक शिक्षक व मुख्याध्यापक यांस शिकविण्याचा तिचा संकल्प होता. करोनाच्या साथीत माणसांनी एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून हीच योजना १८ घटकांच्या रूपाने 'दीक्षा'वर आणण्यात आली. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षास किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक उन्नतीसाठी द्यावेत, असे सुचविले. या मार्गाचे समर्थक म्हणतात की, पूर्वीच्या पद्धतीत दिल्लीचे ज्ञान पुण्यास, पुण्याचे जिल्ह्यास आणि जिल्ह्याचे तालुक्यास पोहोचेपर्यंत पातळ होत जाई. आता पहिल्या दर्जाच्या तज्ज्ञाचे व्याख्यान तुमसरच्या शिक्षकास जसेच्या तसे ऐकावयास मिळते, आणि तेही शाळा बंद न ठेवता व प्रवासखर्चाशिवाय. हे म्हणणे पोकळ नाही. उतरंडीच्या प्रशिक्षणाचे दोष आम्हांस ठाऊक आहेत व साथीच्या काळी दुसरा उपायही नव्हता.

पण आपत्काली जे निरुपायाने केले, तेच सुकाळीही धर्म म्हणून चालू ठेवावयाचे काय? आमचा वाद येथून सुरू होतो.

या अभ्यासक्रमांची सामान्य रचना अशी असते : चित्रफीत पाहावी, मजकूर वाचावा, अखेरीस काही प्रश्नांची उत्तरे खुणेने द्यावीत, की प्रमाणपत्र मिळते. या सर्व खटाटोपात शिक्षकाचा वर्ग कोठे आहे? चित्रफीत पाहिल्यावर शनिवारी त्याने पडद्यावर पाठ दाखविला तेव्हा मागल्या रांगेतील मुलांस तो दिसला की नाही, चित्र संपल्यावर त्याने विचारलेला प्रश्न विचार करावयास लावणारा होता की नुसता होकार काढणारा, यंत्र मध्येच बंद पडले तेव्हा त्याने पाठ कसा सावरला, हे पाहणारा कोणी आहे काय? कोणी नाही. आणि जे कोणी पाहत नाही ते सुधारतही नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. येथील कोणत्याही शेतकऱ्यास विचारावे की, बांधीत पऱ्हे कसे रोवावे हे पोरास केव्हा समजते. धुऱ्यावर उभे राहून पाहिल्याने ते समजत नाही. चिखलात उतरून, शेजारी अनुभवी माणूस वाकलेला असताना, दोन ओळी चुकवून आणि तिसरी दुरुस्त करून घेऊन समजते. अध्यापन ही कलाही याच जातीची आहे. ती सांगून कळते, पण करवून घेतल्याने येते.

शिवाय तज्ज्ञाचे व्याख्यान जसेच्या तसे पोहोचते, हा समर्थकांचा अभिमान हीच आम्हांस त्यातील मोठी उणीव वाटते. या जिल्ह्यातील पुष्कळ मुले घरी झाडीबोली बोलतात. 'ण'च्या जागी सहज 'न' उच्चारणारे मूल पहिल्या इयत्तेत येते आणि पडद्यावरील पुणेरी मराठी ऐकून गप्प बसते. चित्र थांबवून मधला पूल कोठे बांधावा, घरचा शब्द कोठे घ्यावा व पुस्तकी शब्द कोठे द्यावा, हे सर्व देशासाठी तयार केलेला घटक कसे सांगणार? तीच गोष्ट दोन शिक्षकी शाळेची. एक शिक्षक दोन-दोन, तीन-तीन इयत्ता सांभाळतो. तेथे यंत्राचा खरा उपयोग एका इयत्तेस कामास लावून दुसरीस प्रत्यक्ष शिकविण्याचा आहे. अशा शाळेत पाठ कसा बसवावा, हे त्याच शाळेत दोन तास बसलेला माणूसच सांगू शकेल.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. मॅथ्यू क्राफ्ट व त्यांचे दोन सहकारी यांनी २०१८ साली शिक्षकांस वर्गाशी निगडित वैयक्तिक मार्गदर्शन देण्याच्या ६० अभ्यासांचा एकत्र विचार केला. त्यात अध्यापनही सुधारते आणि मुलांची प्रगतीही वाढते, असे आढळले. मात्र शिक्षकांची संख्या फुगविली की परिणाम ओसरतो, हेही दिसले. प्रतिपक्षाच्या बाजूचा एक निष्कर्ष आम्ही लपवीत नाही : मार्गदर्शक समक्ष असणे व दूरस्थ असणे यांत त्या अभ्यासांत ठाम फरक आढळला नाही. परंतु लक्षात घ्यावे की, तेथील दूरस्थ मार्गदर्शक हा माणूसच होता. शिक्षकाने स्वतःच्या पाठाची चित्रफीत पाठवावी आणि मार्गदर्शकाने ती पाहून त्याच्याशी बोलावे, अशा प्रकारचे ते काम आहे. त्यास आमच्याकडील प्रमाणपत्री अभ्यासक्रमाचे समर्थन म्हणून पुढे करणे म्हणजे वैद्याच्या पत्राचा दाखला देऊन औषधाच्या जाहिरातीची भलावण करण्यासारखे आहे.

आणि माणूस असला तरी दुरून तो कितपत पुरतो, याचे उत्तर दक्षिण आफ्रिकेने दिले आहे. तेथील म्पुमलांगा प्रांतात इंग्रजी शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांच्या काही शाळांत मार्गदर्शक प्रत्यक्ष जात. दुसऱ्या काही शाळांतील शिक्षकांस टॅब्लेट देऊन मार्गदर्शन दुरून होई. पहिल्या वर्षाअखेर दोहोंचे फळ सारखेच दिसले. कोणी घाईचा अधिकारी असता तर त्याने तेथेच प्रत्यक्ष भेटी बंद केल्या असत्या. परंतु तीन वर्षांनी पाहिले, तो प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत मुलांचे बोलणे व वाचन दोन्ही सुधारले होते. दूरस्थ मार्गदर्शनाच्या शाळांत बोलण्यात थोडा लाभ झाला, वाचनात काहीच नाही. उलट मुलांच्या मातृभाषेतील वाचन-लेखनास धक्का लागला, कारण तिचा वेळ इंग्रजीने खाल्ला आणि ते पाहावयास वर्गात कोणी नव्हते. हा अनुभव २०२२ साली प्रसिद्ध झाला आहे. झाडीपट्टीच्या जिल्ह्याने तो भिंतीवर लिहून ठेवावा इतक्या मोलाचा आहे.

यावर अखेरचा आक्षेप पैशाचा. इतकी माणसे आणावयाची कोठून? आमचे उत्तर असे की, महाराष्ट्रात ती व्यवस्था नवी निर्माण करावयाची नाही. जी आहे तिला तिचे काम करू द्यावयाचे आहे. जवळपासच्या थोड्या शाळांचे एक केंद्र व त्यावर एक केंद्रप्रमुख ही योजना १९९४ सालची असून, त्यासाठी ४८६० पदे निर्माण करण्यात आली होती. शिक्षकांच्या मदतीस जाणे, पाठ पाहणे, मासिक शिक्षण परिषदेत अनुभवांची देवघेव घडविणे, हे त्या पदाचे मूळ प्रयोजन. पुढे २०२३ साली यांपैकी २३८४ पदांसाठी परीक्षेची जाहिरात काढावी लागली, यावरून ही व्यवस्था किती काळ उपेक्षित राहिली होती, याची कल्पना वाचकांस येईल. जो केंद्रप्रमुख जागेवर आहे, त्याचा दिवस तरी कशात जातो? माहितीचे तक्ते गोळा करण्यात आणि कोणत्या शिक्षकाने कोणता घटक पूर्ण केला नाही याची यादी पुढे धाडण्यात. ज्याने सोबती व्हावयाचे, त्यास आपण पाठपुराव्याचा कारकून केले आहे.

गोसीखुर्दचे उदाहरण भंडाऱ्याच्या मनुष्यास सांगावयास नको. १९८८ साली धरणाचा पाया घातला गेला, पाणी अडले, परंतु वितरिका पुऱ्या होईनात, म्हणून धरणाच्या नावाखालील किती शेते वर्षानुवर्षे आकाशाकडे पाहत राहिली! 'दीक्षा' हे असेच धरण आहे. त्यात पाणी पुष्कळ आहे. ते वाईटही नाही. पण वितरिका म्हणजे माणूस, आणि तीच आपण खणली नाही.

तात्पर्य, आमची मागणी ऑनलाइन साधने बंद करा अशी मुळीच नाही. प्रमाणपत्रांची गणती बंद करा, एवढीच आहे. ज्या ५० तासांचा इतका गाजावाजा आहे, त्यांतील निम्मे तरी शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, पाहणाऱ्या सोबत्यासह मोजले जावेत. केंद्रप्रमुखास तक्त्यांतून सोडवून महिन्याकाठी ठरावीक पाठ पाहण्याचे बंधन घालावे, आणि त्याच्या दोन भेटींच्या मधल्या काळात मोबाइलने बोलणे व्हावे; त्या यंत्राची योग्य जागा ती आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने याच जिल्ह्यातील बहुवर्गी शाळांतले चांगले पाठ टिपून ते केंद्रांच्या परिषदांत चर्चेस ठेवावेत.

सुशिक्षित वाचकांस या प्रश्नाशी आपला संबंध काय, असे वाटत असेल; कारण त्यांची मुले बहुधा दुसऱ्याच शाळांत जातात. पण त्या शाळांतूनही शिक्षकांस असेच अभ्यासक्रम धाडले जातात आणि पालकसभेत भिंतीवरील चकचकीत फळा अभिमानाने दाखविला जातो. अशा वेळी फळ्याची किंमत विचारण्यापेक्षा, तो वापरणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात या वर्षी कोण येऊन बसले आणि त्यानंतर पाठात काय बदलले, एवढेच विचारावे. या प्रश्नास ज्या शाळेत उत्तर नसेल, तेथे यंत्र आले आहे, शिक्षण अद्याप यावयाचे आहे, असे खुशाल समजावे.