शाळा बांधणारे हात आणि शाळा चालविणारे हात

अमेरिका-युरोपातील चर्चची तरुण मंडळी सुटीत दोन-तीन आठवडे काढून गरीब देशांत जातात. केनिया, ग्वाटेमाला, हैती, भारत. तेथे विटा उचलतात, शाळेच्या भिंती रंगवितात, उघड्या-वाघड्या पोरांना कडेवर घेऊन छायाचित्रे काढतात आणि विमानाने परत जातात. उद्या असा एखादा गट आमच्या वस्तीत शाळा बांधून द्यायला आला, तर ती घ्यावी की नाकारावी, असे चळवळीतील तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर हिंदुत्ववाद्यांच्या तोंडून ऐकण्याची आम्हाला गरज नाही. ज्यांच्या धर्माने हजारो वर्षे आमच्या पोरांना अक्षर शिवू दिले नाही, त्यांनी 'धर्मांतराचा डाव' म्हणून बोंब ठोकावी, हा निव्वळ निर्लज्जपणा होय. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसात ग्रॅहम स्टेन्स या मिशनऱ्याला त्याच्या दोन लहान मुलांसह जिवंत जाळले गेले, ते याच बोंबेच्या वातावरणात. धर्म बदलण्याचा हक्क काय असतो, हे १९५६ साली नागपुरात आम्ही जगाला दाखविले आहे.

आमचा प्रश्न निराळा आहे. शाळा बांधली कोणी, यापेक्षा तिचा कारभार कोणाच्या हाती जातो आणि तिच्यात कोणाची पोरे बसतात, हे आम्हाला विचारायचे आहे.

जालना जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. जालना शहराजवळचे बेथेल हे गाव वसविले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. ब्राह्मण घरात जन्मलेल्या या गृहस्थाने १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता, पण न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. मग त्या पोराला जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्रह्मवृंदात केवढे रणकंदन माजले! बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. एका ब्राह्मण पोरासाठी एवढी धावपळ. जालना परगण्यातील मातंगांच्या पोरांसाठी कोणी कधी धावले होते काय? त्यांच्याकडे वळले ते धर्मांतरित शेषाद्रीच. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा आधार, निजाम सरकारकडून मिळालेली जमीन आणि परदेशातून जमविलेला पैसा, यांवर बेथेल उभे राहिले. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला पगडी घालून हजर होते. आज परदेशी तरुण आमच्याकडे येतात, तेव्हा आमच्याकडचा माणूस तिकडे जाऊन झोळी फिरवीत होता. दिशा उलटी, हिशेब तोच.

या कामाचे मोल आम्ही नाकारीत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील फरारबाईंची शाळा पाहून त्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली छापला तो मिशनच्याच 'ज्ञानोदया'ने. हे ऋण मान्य करायला आमची जीभ अडखळत नाही. पण ध्यानात घ्यावे, जोतीरावांनी मिशनची शाळा पाहिली आणि १८४८ साली स्वतःची काढली.

बाबासाहेबांनी तर मिशनऱ्यांचा हिशेबच मांडला. धर्मांतरितांच्या स्थितीवरील त्यांचे निबंध १९८९ मध्ये समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात छापले गेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मिशनने शाळा-कॉलेजांवर आणि दवाखान्यांवर अमाप पैसा ओतला, पण त्याचे लोणी खाल्ले उच्चवर्णीय हिंदूंनी. ज्या अस्पृश्यांनी तो धर्म पत्करला त्यांच्या वाट्याला फारच थोडे आले. आजच्या शहरी कॉन्व्हेंट शाळांच्या फाटकावर सकाळी थांबणाऱ्या मोटारी पाहाव्यात, म्हणजे बाबासाहेबांचे म्हणणे किती जिवंत आहे ते कळते. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजे गरीब व वंचित मुलांच्या २५ टक्के जागांमधूनही, मोकळे केले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने त्यावर शंका घेतली, ही समाधानाची बाब. आणि बेथेलसारख्या गावांतील ख्रिस्ती मातंगांचे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. आम्हा बौद्धांनाही केंद्रात १९९० पर्यंत ताटकळत ठेवले होतेच. म्हणजे देवळाने हाकलले, चर्चने घेतले आणि सरकारने पुन्हा हाकलले.

आता त्या विटा उचलणाऱ्या पाहुण्यांकडे येऊ. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतली सळई महाराष्ट्रभर इमारतींना जाते. अंबड-घनसावंगीकडची माणसे उसाच्या फडात आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर राबतात. येथे गवंड्यांचा दुष्काळ नाही, दुष्काळ आहे तो गवंड्याला मिळणाऱ्या मजुरीचा. ज्याने जन्मात थापी धरली नाही अशा तरुणाने सातासमुद्रांपलीकडून येऊन भिंत रचायची आणि आमच्या गवंड्याने ती रात्री सरळ करायची, यात सेवा कोण कोणाची करतो? त्या तरुणाच्या मनात खोट आहे असे आम्ही म्हणणार नाही, बहुधा नसतेच. पण त्याच्या विमानाच्या तिकिटाची रक्कम गावातल्या एखाद्या बी.एड. झालेल्या बेकार पोरीच्या पगाराला दिली असती, तर फड संपेपर्यंत आजीजवळ राहिलेल्या पोरांना शिकवायला कोणी तरी असते. छायाचित्र मात्र निघाले नसते.

आणि फक्त परदेशी पाहुण्यांनाच का बोलावे? महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये 'दत्तक शाळा' योजनेचा निर्णय काढला. कंपन्यांनी, देणगीदारांनी सरकारी शाळा दत्तक घ्याव्यात, मोठी देणगी दिल्यास शाळेला आपले नावही द्यावे! त्याच सुमारास कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याची भाषा सुरू झाली. कमी पटाच्या शाळा कोठे असतात? वाड्या-तांड्यांवर, वस्त्यांवर. घटनेच्या कलम २१-अ ने जे सरकारचे कर्तव्य ठरविले, त्याची भीक झाली. मिशनरी निदान समुद्र ओलांडून आले होते, आमचे सरकार मंत्रालयातून तांड्यापर्यंत यायला तयार नाही.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद झाले. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होता. बाबासाहेबांनी सरकारकडून कर्ज घेतले, देणग्याही घेतल्या, पण संस्थेच्या कारभाराची दोरी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेली पोरे तेथील वसतिगृहात राहिली आणि प्राध्यापक, अधिकारी, लेखक होऊन बाहेर पडली.

तेव्हा पाहुणे आले, तर गावाने चहा पाजावा आणि कागद मागावेत. जागेचा सातबारा कोणाच्या नावे राहणार? विश्वस्तांत वस्तीची माणसे किती, त्यांत बायका किती? शिक्षकांचा पगार पाच वर्षांनी कोण देणार? फडावर गेलेल्या आई-बापांच्या पोरांसाठी वसतिगृह आहे काय? या चारांची उत्तरे लेखी मिळाली, तर शाळा घ्यावी. नाही मिळाली, तर त्यांना जिल्हा परिषदेच्या गळक्या शाळेकडे न्यावे, आणि त्याच दिवशी ग्रामसभेत ठराव मांडून छपराची दुरुस्ती सरकारकडे मागावी.