ट्रेडमार्कचा विटाळ

विटाळ फक्त माणसाचा माणसाला होतो असं समजू नका. कंपनीच्या नावालाही होतो. अन् त्याला अमेरिकेत कायदा आहे.

१९९८ साल. केंटकी राज्यातलं एलिझाबेथटाऊन. व्हिक्टर नावाच्या माणसानं बायकोसोबत दुकान टाकलं, ‘व्हिक्टर्स सीक्रेट’. बायकांचे आतले कपडे, शिवाय चावट माल. जवळच्या लष्करी छावणीतल्या एका कर्नलला जाहिरात झोंबली. त्यानं ती ‘व्हिक्टोरियाज सीक्रेट’ कंपनीला धाडली. साडेसातशेवर दुकानं, १९९८ या एका सालात साडेपाच कोटी डॉलरवर जाहिरात करणारी कंपनी! नोटीस आली. नवरा-बायकोनं नावात ‘लिटल’ घुसवलं. तरी त्यांना फेडरल कोर्टात खेचलंच.

दावे दोन. एक, आमच्या नावानं गिऱ्हाईक फसतं. हे कलम मला पटतं. खोटा मार्का मारून माल खपवणारा चोरच. पण इथं कुणी फसलं नव्हतं. कोर्टानं तो दावा उडवला. दुसरा ‘डायल्यूशन’चा. कुणी फसो न फसो, आमचं गाजलेलं नाव पातळ होतं, मळतं. म्हणजे विटाळच की! च्यायला, स्वतः काय विकता?

खालची दोन्ही कोर्टं कंपनीच्या बाजूनं गेली. २००३ साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं विचारलं, नुकसान झालं कुठं? कर्नल चिडला तो व्हिक्टरवर. कंपनीबद्दलचं त्याचं मत तसूभर बदललं नव्हतं.

गरीब जिंकला? थांबा. २००६ साली काँग्रेसनं कायदाच बदलला. आता नुकसान झालेलं दाखवायला नको, होण्याचा संभव पुरे. त्याच दुकानाचा तोच खटला नव्या कायद्यानं परत चालला. २००८ साली हरले. २०१० साली अपिलात हरले. गाजलेल्या नावासारखं नाव चावट मालाला लावलं की नाव मळलं असंच धरायचं. मळलं नाही हे दुकानदारानं दाखवायचं.

आमच्या गोदीत पायावर पेटी पडली तर भरपाईसाठी मोडलेल्या हाडाचा फोटो लागतो. ‘मोडण्याचा संभव’ कुठला साहेब मान्य करील?

अपिलातल्या तिघांपैकी एक न्यायाधीशबाई म्हणाल्या, एका कर्नलची तक्रार म्हणजे पुरावा नव्हे. पण निकाल दोन विरुद्ध एक.