गळ आणि सॅमन मासा

अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत प्युजेट साउंड नांवाची समुद्रखाडी आहे. तेथील चिनूक जातीचा सॅमन मासा नदींत जन्मतो, समुद्रांत वाढतो व अंडीं घालण्यास पुनः आपल्या नदींत येतो. धरणें, जंगलतोड व अमर्याद मासेमारी यांमुळें तो इतका घटला कीं, १९९९ सालीं सरकारास त्याची गणना संकटग्रस्तांत करावी लागली.

तेव्हां गळानें मासे धरणाऱ्या हौशी लोकांस मज्जाव करावा काय? सरसकट बंदी आम्हांस मान्य नाहीं. जो नदीकांठीं कधीं बसलाच नाहीं, त्यास नदीची काळजी कोठून वाटणार? तेथील तोड आम्हांस रास्त वाटते. माणसांनीं हौदांत वाढविलेल्या बहुतेक पिलांचा शेपटीजवळचा लहानसा पर कापून तीं सोडतात. पुष्कळ ठिकाणीं नियम असा कीं, पर कापलेला मासा ठरल्या हंगामांत, ठरल्या संख्येंत घरीं न्यावा. पर शाबूत असलेला पाण्यांत सोडावा. मात्र सोडलेल्यांपैकींहि कांहीं मरतात; म्हणून मासे फारच थोडे येतील त्या वर्षीं गळ घरींच ठेवला पाहिजे.

घरट्यांतील पिलें घ्यावीं, पण आईस जाऊं द्यावें, अशी मोशेच्या नियमशास्त्रांत आज्ञा आहे. तींत हक्क व कर्तव्य हीं एकत्रच सांगितलीं आहेत. विद्यार्थ्यांनो, कोणी पाहत नसतां हातांतला मोठा मासा परत सोडणें, हीच खरी परीक्षा होय.